चवळीचा विषाणू: हमाल की भांडखोर?

चवळीचं रोप दहा-बारा दिवसांचं झालं आणि पहिली दोन रुंद पानं पुरती उघडली, की त्यांच्यावर कार्बोरंडमची बारीक करडी पूड भुरभुरतात. पॉलिश पेपरवर असते तसलीच ही कणी. मग रोगट रोपातून काढलेल्या विषाणूच्या द्रावाचे दोन-चार थेंब पानावर टाकायचे आणि हातमोजा घातलेल्या बोटानं, पान फाटणार नाही इतपत, चोळायचं. पुडीनं पानाच्या पेशींना ओरखडे पडतात आणि विषाणूला आत शिरायला वाट होते. शेतात हेच काम पानं कुरतडणारे भुंगेरे करतात. पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात पानांवर पिवळे-हिरवे चट्टे धरतात. शेतकऱ्यानं असं रोप पाहिलं असतं तर उपटून बांधावर फेकलं असतं. प्रयोगशाळेत मात्र तीच पानं खुडून गोठवतात, वाटतात, कापडातून गाळतात, क्लोरोफॉर्म आणि ब्युटॅनॉल घालून हिरवा गाळ वेगळा काढतात, आणि शेवटी साखरेच्या पाण्याच्या कमी-जास्त दाट थरांतून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. नळीवर उजेडाची तिरीप टाकली की एक निळसर पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे शुद्ध विषाणू.

हा पट्टा सुईनं ओढून घेऊन कॅन्सरशी लढायला कसा वापरता येईल, या प्रश्नाभोवती गेल्या वीसेक वर्षांत एक अख्खी संशोधनशाखा उभी राहिली आहे. तिच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्यांत 'क्षेपणास्त्र' हा शब्द बहुतेक वेळा असतो. वनस्पतीचा विषाणू पोकळ करायचा, त्यात औषध भरायचं, वर पत्ता चिकटवायचा आणि रक्तात सोडून द्यायचा. तो नेमका गाठीवर जाऊन आदळेल आणि बाकी शरीराला धक्काही लागणार नाही, असं हे चित्र. चित्र मोहक आहे. पण माझ्या मते ते या विषाणूच्या नको त्या गुणाचं कौतुक करतं. हमाल म्हणून हा विषाणू सुमार आहे. त्याची खरी किंमत आहे ती त्याच्या भांडखोरपणात, म्हणजे शरीराला तो खुपतो यात. आणि गंमत अशी, की संशोधकांनी कित्येक वर्षं खर्च केली ती हा गुण झाकण्यातच.

आधी सुरक्षिततेचा मुद्दा, कारण वाचकाच्या मनात पहिली शंका तीच येणार. वनस्पतीचे विषाणू माणसाच्या पेशीत वाढत नाहीत. त्यांना पेशीत शिरायला जखम लागते किंवा किडा लागतो, आणि शिरल्यावर आपल्या प्रती काढायला वनस्पतीचीच यंत्रणा लागते. त्यांची आपली रोज गाठभेट होतेच. २००६ मध्ये माणसाच्या विष्ठेतल्या आरएनए विषाणूंची मोजदाद झाली, तेव्हा त्यात सगळ्यात जास्त सापडला तो मिरचीवर पडणारा एक विषाणू. वाळलेल्या विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये त्याचे अब्जापर्यंत कण होते, आणि ते पोटातून सहीसलामत बाहेर येऊन पुन्हा झाडाला रोग देऊ शकत होते. ठेचा आवडीनं खाणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर फार विचार न केलेला बरा. मात्र यावरून 'निसर्गातलं आहे, म्हणजे निरुपद्रवी' असा निष्कर्ष काढणं ही उडी आहे. ज्यांचं बाधणं वाढण्यावर अवलंबून नाही, अशा गोष्टीही बाधतात. भुईमुगाचं प्रथिन कुणाच्या पोटात वाढत नाही, तरी ॲलर्जी असलेल्याचा त्यानं घसा बंद होतो. शिवाय पोटातून जाणं वेगळं आणि शिरेतून जाणं वेगळं. तंबाखूच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं माणसांच्या रक्तात आढळली आहेत. विषाणू आपल्यात वाढत नसला तरी शरीर त्याची नोंद ठेवतं. ही नोंद पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

हमालीच्या कल्पनेला मोठा इतिहास आहे आणि तो तंबाखूपासून सुरू होतो. तंबाखूच्या पानांवरच्या चट्ट्यांच्या रोगाचं वर्णन ॲडॉल्फ मायर यांनी नेदरलँड्समध्ये १८८६ साली केलं. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इवानोव्हस्की आणि १८९८ मध्ये नेदरलँड्समध्येच मार्टिनस बायरिंक यांनी दाखवलं, की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा रोग पार होतो. विषाणू म्हणून काही असतं हे माणसाला कळलं ते इथे. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅनली यांनी त्याचे स्फटिक केले, मीठ-साखरेचे करतात तसे, आणि जिवंत-निर्जीव ही भिंतच हलवली. त्यासाठी त्यांना १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

पुढचं काम रोझलिंड फ्रँकलिन यांचं. डीएनएच्या वादात अडकलेली त्यांची ओळख आपण इतकी घोकली आहे, की त्यांनी त्यानंतर लंडनच्या बर्कबेक कॉलेजात तंबाखूच्या विषाणूवर केलेलं काम, जे त्यांच्या नावावर निर्विवाद आहे, ते सहसा कुणाला आठवत नाही. हा विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड अशी दांडी. एकाच प्रथिनाच्या २१३० प्रती जिन्याच्या पायऱ्यांसारख्या गोल फिरत वर जातात. त्याचा आरएनए दांडीच्या मधोमध नसतो. तो प्रथिनांच्या आत, मध्यापासून चार नॅनोमीटरवर गुंफलेला असतो. मधोमध आहे ती रिकामी नळी, चार नॅनोमीटर व्यासाची. हे चित्र स्पष्ट होण्यात फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा वाटा होता. ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी या दांडीची मोठी प्रतिकृती तयार करवून घेतली. प्रदर्शन उघडलं १७ एप्रिल १९५८ ला. फ्रँकलिन त्याच्या आदल्या दिवशी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेल्या, ३७ व्या वर्षी.

आजच्या हमालीच्या प्रयोगांत औषध भरतात ते त्याच रिकाम्या नळीत. नळीच्या आतल्या भिंतीवर ऋण भार असतो. प्लॅटिनमयुक्त औषधांपैकी फेनँथ्रिप्लॅटिन नावाच्या एका रेणूवर धन भार असतो. दोघं पाण्यात एकत्र ठेवले की औषध आपणहून नळीत ओढलं जातं. एका दांडीत सुमारे २००० रेणू मावतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक निकोल स्टाइनमेट्झ यांच्या गटानं ही भरलेली दांडी स्तनाच्या कॅन्सरच्या एका हट्टी प्रकारावर उंदरांमध्ये वापरली, आणि ती सुट्या औषधापेक्षा सरस ठरली. असाच एक देखणा प्रयोग चवळीच्या दुसऱ्या एका विषाणूवर, ज्यानं पानं पिवळी पडतात त्याच्यावर, १९९८ मध्ये ट्रेव्हर डग्लस आणि मार्क यंग यांनी केला होता. आम्लता कमी झाली की या विषाणूचं कवच फुगतं आणि त्याच्या फटी उघडतात, वाढली की मिटतात. ही दारं वापरून त्यांनी कवचाच्या पोटात खनिज जमवून दाखवलं. वनस्पतीच्या विषाणूचं कवच म्हणजे नेमक्या मापाचं, दर वेळी अगदी एकसारखं बनणारं भांडं आहे, ही दृष्टी तिथून रुजली. रसायनशास्त्रज्ञाला याहून जास्त काय हवं?

रसायनशास्त्रज्ञाला नको असेल; डॉक्टरला मात्र हवं आहे. औषध भांड्यात भरणं हा हमालीतला सोपा भाग. ते पोचवणं अवघड. नॅनोकणांच्या साऱ्या उद्योगाचा पाया १९८६ मध्ये जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी केलेल्या एका निरीक्षणावर आहे: गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईनं वाढलेल्या, म्हणून गळक्या असतात, त्यांतून बारीक कण बाहेर झिरपतात आणि तिथेच साचतात. उंदरांमध्ये हे छान दिसतं. पण उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली असते. माणसाची गाठ वर्षानुवर्षं मुरलेली असते, तिच्या वाहिन्या तितक्या गळत नाहीत, आणि आतला दाब येणाऱ्याला बाहेर ढकलतो. २०१६ मध्येच टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटानं आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेले मध्यक प्रमाणात फक्त ०.७ टक्के निघाले. हे कण नाना तऱ्हेचे होते, वनस्पतीचे विषाणू त्या गर्दीतले मूठभर. पण नियम त्यांनाही तोच लागतो. बाकीचा माल यकृत आणि प्लीहा उतरवून घेतात, कारण रक्तातल्या परक्या कणांना झडप घालून पकडणाऱ्या पेशी तिथे ठाण मांडून बसलेल्या असतात.

म्हणून मग लपवाछपवी सुरू झाली. विषाणूवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या चिकटवा, म्हणजे शरीर त्याला ओळखणार नाही. रक्तातलंच अल्ब्युमिन पांघरा. गोल कणाऐवजी लांब दांडी किंवा लवचीक दोरा वापरा. बटाट्याच्या एका विषाणूचा ५१५ नॅनोमीटरचा दोरा गोल कणांपेक्षा गाठीत खोल शिरतो. यातलं प्रत्येक पाऊल हुशारीचं आहे आणि यातून थोडंफार पदरातही पडतं. तरी एक साधा प्रश्न उरतो. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध मेदाच्या सूक्ष्म फुग्यांत भरून देण्याची पद्धत १९९५ पासून अमेरिकेत मंजूर आहे. त्यानं हृदयाला होणारी इजा कमी झाली. रोग्यांच्या आयुष्याचा पल्ला मात्र नाट्यमय वाढला नाही. त्या निर्जीव, ओळखीच्या, घाऊक बनणाऱ्या फुग्यापेक्षा प्रथिनाचा विषाणू अधिक काय देणार? नेमकेपणा? पण नेमका एकसारखा कण यकृतातही तितक्याच नेमकेपणानं अडकतो.

इथे एक मुद्दा नोंदवण्यासारखा आहे. तंबाखूच्या विषाणूचा एक जवळचा भाऊ आहे, सौम्य हिरवे चट्टे पाडणारा. फ्लोरिडातल्या एका काटेरी तणावर तो तणनाशक म्हणून अमेरिकेत मंजूरही झाला आहे. त्याच्यावर सूत्रकृमीनाशक लादून ते जमिनीत मुळांपर्यंत खोल पोचवायचे प्रयोग चालू आहेत, कारण नुसतं औषध वरच्या थरातल्या मातीला चिकटून बसतं. हमाल म्हणून या विषाणूंना यश यायचंच असेल, तर ते रक्ताआधी रानात येईल असं मला वाटतं. मातीला यकृत नसतं.

शरीराच्या आत पाहण्याच्या कामात या कणांनी खरोखर काही सुंदर गोष्टी दाखवल्या आहेत, आणि तिथे थोडं थांबायला हवं. चवळीच्या चट्ट्यांच्या विषाणूचा कण गोल, सुमारे ३० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरवर असे तेहतीस हजारांहून अधिक कण ओळीनं बसतील. दोन प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रतींचं त्याचं कवच. पृष्ठभागावर रंगद्रव्य अडकवायला शेकडो जागा, आणि त्या एकमेकांपासून ठराविक अंतरावर, त्यामुळे चमकणारे रेणू एकमेकांची चमक मारत नाहीत. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या संशोधकांनी असे चमकते कण कोंबडीच्या गर्भात आणि जिवंत उंदरात सोडले. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खोल रक्तवाहिन्यांचं जाळं आणि वाहतं रक्त त्यांना दिसलं. गाठ आपल्यासाठी नव्या वाहिन्या कशा ओढून घेते, हेही पाहता आलं. यामागचं कारण मजेशीर निघालं: हा विषाणू वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरच्या व्हायमेंटिन नावाच्या प्रथिनाला धरून राहतो. झाडाच्या विषाणूनं हा हात कधी आणि कशासाठी तयार केला असेल, देव जाणे.

एमआरआयमध्येही असंच. प्रतिमा उठावदार करणाऱ्या गॅडोलिनियमचा एक सुटा अणुसमूह द्रावात भिरभिरतो, म्हणून त्याचा प्रकाश, म्हणजे खरं तर संकेत, फिका येतो. तंबाखूच्या दांडीवर हजारोंनी बसवला, की दांडीच्या संथ हालचालीमुळे प्रत्येक अणूचा संकेत वाढतो आणि एका दांडीवर ते ढिगानं असल्यामुळे एकूण तर कितीतरी पट. उंदरांच्या धमन्यांतले चरबीचे थर अशा दांड्यांनी दाखवले गेले आहेत, आणि नेहमीपेक्षा कमी गॅडोलिनियम वापरून. पण दवाखान्यात तपासणीचं औषध कसं लागतं? झटपट आत, झटपट बाहेर. लघवीतून काही तासांत निघून जावं. मूत्रपिंड दुबळं असलेल्यांमध्ये शरीरात रेंगाळलेल्या गॅडोलिनियमनं कातडी आणि अवयव कडक होण्याचा गंभीर आजार होतो, हे जगानं या शतकाच्या पहिल्या दशकात पाहिलं आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीतून न जाणारा, यकृतात मुक्काम करणारा कण हा तिथे दोषच. त्यामुळे प्रयोगशाळेत उंदराच्या आत डोकावायची दुर्बीण म्हणून मी या कणांना पैकीच्या पैकी गुण देईन. परळच्या किंवा पुण्याच्या स्कॅन सेंटरमध्ये ते कधी दिसतील याची मात्र वाट बघणार नाही.

आता ज्या प्रयोगासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे. २०१६ च्याच सुमारास (हे वर्ष या विषयात फारच गजबजलेलं आहे) स्टाइनमेट्झ आणि डार्टमथचे स्टीव्हन फिअरिंग यांच्या गटांनी चवळीच्या विषाणूची रिकामी कवचं घेतली. आरएनए नाही, औषध नाही, गाठीचा पत्ता नाही. फुप्फुसात मेलानोमा पसरलेल्या उंदरांच्या श्वासनलिकेत ती सोडली. गाठी आटल्या. मग अंडाशयाच्या, स्तनाच्या, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या नमुन्यांवरही परिणाम दिसला. प्रतिकारयंत्रणा काढून घेतलेल्या उंदरांत हा परिणाम टिकला नाही, म्हणजे काम विषाणू करत नव्हता. तो करवून घेत होता. कॅन्सरची गाठ आपल्या आसपासच्या पांढऱ्या पेशींना फितवून गप्प बसवते. तिथे हे रिकामं कवच येऊन पडलं की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आणि त्यांच्यामागून इतर पेशी जाग्या होतात, आणि एकदा धुमश्चक्री सुरू झाली की फुटलेल्या गाठीचे तुकडे टी-पेशींपुढे येतात. मग त्या टी-पेशी इतरत्र लपलेल्या त्याच जातीच्या पेशीही हुडकतात. ही लस नाही, कारण तिच्यात कॅन्सरचा अंशही नाही. आणि आहेही, कारण लसीतला कॅन्सरचा अंश गाठ स्वतःच पुरवते.

हमालाच्या डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर तो कामाला लागला, असा हा प्रकार. ज्या गुणावर पांघरूण घालण्यासाठी साखळ्या चिकटवल्या जात होत्या, तोच गुण औषध ठरला. याहून ठळक पुरावा २०२० चा. अंडाशयाच्या कॅन्सरच्या उंदरांमध्ये पाहिलं गेलं, की विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार असतील तर उपचार फसतो का. वाहतुकीच्या हिशेबानं ही प्रतिपिंडं म्हणजे नाकाबंदी. माल रस्त्यातच जप्त. इथे उलट झालं. प्रतिपिंडं असलेल्या उंदरांत परिणाम अधिक चांगला आला, कारण प्रतिपिंडांनी मढलेला कण पांढऱ्या पेशी जास्त आवडीनं गिळतात. शरीराची ती जुनी नोंद अडसर न होता मदतीला आली.

यावर शंका घेणारा म्हणेल, की कुठलाही परका कचरा गाठीत टोचला तर एवढी जळजळ होणारच. त्यात चवळीचं कौतुक काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर देणारी तुलना २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. चवळीवरच पोसले जाणारे, जवळपास सारख्याच आकाराचे, आरएनए बाळगणारे दोन विषाणू शेजारी ठेवले: चट्टे पाडणारा आणि पानं पिवळी करणारा. पांढऱ्या पेशी दोघांनाही सारख्याच गिळतात. पण पहिल्यानं इंटरफेरॉन या वर्गातले संदेश उठतात, जे कॅन्सरविरुद्ध उपयोगी ठरतात. दुसऱ्यानं उठते ती नुसती दाहाची ओरड, जिचा गाठीवर परिणाम होत नाही. पहिल्याचा आरएनए पेशीच्या आत जास्त वेळ टिकून विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या पहारेकरी प्रथिनापर्यंत पोचतो, हे एक कारण पुढे आलं. म्हणजे भांडण महत्त्वाचं, पण कुठलं भांडण हे त्याहून महत्त्वाचं.

हे सगळं नवं वाटत असेल तर १८९१ चं न्यूयॉर्क आठवावं. शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी हाडामांसाच्या कॅन्सरच्या रोग्यांना मुद्दाम जिवाणूंचा संसर्ग द्यायला सुरुवात केली, पुढे मारलेल्या जिवाणूंचं मिश्रण. काहींच्या गाठी खरोखर विरल्या. पण दर खेपेचं मिश्रण निराळं, कुणाला किती द्यायचं याचा ठाव नाही, आणि तेवढ्यात किरणोपचार आले. कोलींची पद्धत अडगळीत गेली. तिचा एक वारस मात्र आजही दवाखान्यात आहे. मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कॅन्सरसाठी क्षयाची लस, बीसीजी, मूत्राशयात सोडतात. १९७६ मध्ये मोरालेस यांनी ती वापरून दाखवली आणि आजतागायत ती पहिल्या पसंतीचा उपचार आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही या कामासाठी बीसीजी बनवते. पण बीसीजी जिवंत जिवाणू आहे. कधीमधी तो अंगात पसरतो, आणि त्याच्या दोन घाण्यांत फरक पडतो. चवळीचा विषाणू या घराण्यातला असूनही स्फटिक होण्याइतका एकसारखा आहे, आपल्यात वाढत नाही, आणि तासभर साठ अंश तापमान सोसतो. कोलींना जे साधलं नाही ते इथे साधण्याजोगं आहे: ठराविक डोस, ठराविक कण, ठराविक परिणाम.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. उंदरांमध्ये बरे झालेले कॅन्सर मोजायला बसलो तर हा रोग केव्हाच इतिहासजमा झाला असता. पाळीव कुत्र्यांच्या तोंडातल्या मेलानोमावर आणि स्तनाच्या दाहक कॅन्सरवर हा विषाणू वापरला गेला आहे आणि निकाल उत्साह वाढवणारे आहेत. कुत्र्याचा कॅन्सर आपोआप उद्भवलेला असतो, उंदरासारखा लावलेला नसतो, म्हणून त्या निकालांना जास्त वजन. तरी कुत्रा म्हणजे माणूस नव्हे, आणि ते प्रयोग लहान आहेत. दुसरा पेच आरएनएचा. आरएनए असलेला कण रिकाम्या कवचापेक्षा प्रभावी ठरतो, पण तोच कण चवळीच्या शेतात रोग पसरवू शकतो. अतिनील किरणांनी किंवा रसायनांनी त्याची ही नांगी मोडता येते, मात्र फॉर्मालिनसारख्या रसायनानं मोडली तर औषधी धारही बोथट होते. रोग्याला बरं करणारं औषध शेतकऱ्याचं पीक बुडवणार नाही ना, हा प्रश्न बहुतेक औषध कंपन्यांना कधी पडलाच नसेल.

आणि स्वस्ताईचा दावा. पानात बनतं म्हणून फुकटात मिळेल, असं या विषयावर उत्साहानं बोलणारे सुचवत राहतात. पान खरंच स्वस्त आहे. महाग आहे ते पानानंतरचं सगळं: शुद्धीकरण, प्रत्येक घाण्याची तपासणी, वर्षानुवर्षांच्या चाचण्या. कॅनडातल्या मेडिकागो कंपनीनं तंबाखूच्या एका ऑस्ट्रेलियन भाऊबंदाच्या पानांत कोविडची लस बनवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिला तिथे मंजुरी मिळाली. कंपनीत फिलिप मॉरिस या सिगारेट उत्पादकाची भागीदारी असल्यानं जागतिक आरोग्य संघटनेनं तिला दार बंद केलं, आणि २०२३ मध्ये मूळ जपानी मालकानं कंपनीच गुंडाळली. लस पानात बनली म्हणून वाचली नाही. मात्र तुलना कशाशी करायची हेही पाहावं. रोग्याच्या स्वतःच्या पेशी काढून, बदलून, परत देण्याच्या उपचाराशी तुलना केली, तर कपाटातून काढून कुणालाही टोचता येणारा, उन्हाळा सोसणारा कण स्वस्तच पडणार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेला तसा पहिला भारतीय उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाला. परदेशातल्या किमतीच्या तो एका अंशात पडतो, तरी आकडा लाखांतलाच आहे.

या विषाणूचा खरा उपयोग आपल्याकडे कुठे होऊ शकतो, याचं उत्तर मला तरी स्पष्ट दिसतं. गाठीत टोचायचा उपचार, म्हणजे सुई पोचेल अशी गाठ हवी. भारतात पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे, आणि तो मुख्यतः तंबाखूनं होतो: मिश्री, खर्रा, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर विचारून पाहा. जीभ, गाल, हिरडी यांतली गाठ दिसते, बोटाला लागते, सुईला सापडते. खोल यकृतातल्या किंवा मेंदूतल्या गाठीसारखा तिथे पोचण्याचा प्रश्नच नाही, आणि हमालाची गरजही नाही.

शिवाय 'किती कमी पुरेल' हा प्रश्न विचारण्याची सवय इथल्या डॉक्टरांना लागलेली आहे. टाटा मेमोरियलच्या गटानं २०२२ मध्ये डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरवर निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणारं महागडं औषध दर तीन आठवड्यांनी अवघं २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. पाश्चात्त्य देशांत नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० चा. गोळ्यांच्या उपचाराला या चिमूटभर डोसची जोड दिली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. उंदरांमध्ये चवळीचा विषाणू याच जातीच्या औषधांसोबत दिला की दोघांचा परिणाम वाढतो. या दोन गोष्टी एकत्र आणणारी चाचणी मुंबईत व्हायला हवी, असं म्हणायला कुणी कॅन्सरतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

आपल्याकडे सामग्रीही आहे. रसभरीच्या जातकुळीतल्या झुडपांवर चट्टे पाडणाऱ्या एका विषाणूची अणूगणिक रचना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. एस. सावित्री आणि एम. आर. एन. मूर्ती यांच्या गटांनी वर्षानुवर्षं उलगडली. त्याचं १८० प्रथिनांचं कवच साध्या जिवाणूत, आरएनएचा संसर्गी भाग न घेता, बनवता येतं. म्हणजे शेतकऱ्याच्या पिकाची चिंता मुळातच मिटते. अमेरिकेतल्या गटांनी हे कवच औषध वाहायला आणि प्रतिमा घ्यायला वापरून पाहिलं आहे, म्हणजे पुन्हा मुख्यतः हमालीच. गाठीत टोचल्यावर ते चवळीच्या विषाणूसारखं भांडतं, की त्याच्या पिवळट भावासारखी नुसती ओरड करतं, हे उंदरांत आणि कुत्र्यांत नीट तपासायला हवं. नुसती ओरडच निघाली तर चवळीचा विषाणू बाहेरून आणावा लागेल, आणि परदेशी वनस्पतीविषाणू आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली परवाना लागतो. तो अर्ज कृषी खात्याच्या टेबलावर जाईल, औषध नियंत्रकांच्या नव्हे. दोन्ही टेबलांवरच्या माणसांना हा कण काय करतो हे एकदाच, एकत्र बसवून समजावलेलं बरं.